“आज कसं वाटतंय?” याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला थेरपीचा उपयोग होतो का?

प्रश्न (नाशिकहून, एक बहीण)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाणे) असे दोन्ही असल्याचे निदान झाले. शाळेत तो हुशार म्हणून ओळखला जाई. त्यामुळे त्याचे एकटे बसणे, डब्यातले पदार्थ ठरलेल्या क्रमानेच खाणे आणि एखाद्या गोष्टीत बुडाला की हाकेला ओ न देणे, या सगळ्याला आमच्या घरात ‘स्वभाव’ एवढेच नाव होते. इंजिनिअरिंगची पदवी चारऐवजी सहा वर्षांत पूर्ण झाली. नोकरी लागली, ती आठ महिन्यांत सुटली. शेवटचे काही आठवडे तो घरी आला की पायांतले बूटही न काढता, दिवा न लावता, दाराजवळच्या भिंतीला टेकून तासभर बसून राहत असे.

निदानानंतर आम्ही त्याला समुपदेशनासाठी पाठवले. सहा सेशन झाली आणि त्याने जाणे थांबवले. कारण विचारल्यावर तो म्हणाला, “ते दर वेळी विचारतात, आज कसं वाटतंय. मला उत्तर माहीत नसतं. मग मी ‘बरं’ म्हणतो आणि ते लिहून घेतात.” आई-बाबांचे मत झाले आहे की बोलून काही होत नसते, पैसे वाया गेले. भावाचे म्हणणे वेगळे आहे. तो विचारतो, “मी आजारी नाही, मग उपचार कशावर करायचा?” मला त्याला उत्तर देता आलेले नाही.

त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगते. २०१६च्या पुरापासून तो गंगापूर, दारणा आणि नांदूरमधमेश्वर येथील पाणीसाठ्याचे आणि विसर्गाचे आकडे वहीत लिहून ठेवतो. अशा नऊ वह्या आहेत. पावसाळ्यात धरणातून किती क्युसेक पाणी सोडले की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी ते कुठवर चढेल, हे तो जवळपास बिनचूक सांगतो. त्या विषयावर तो दोन तास बोलू शकतो. स्वतःविषयी मात्र दोन वाक्येही बोलत नाही.

अशा व्यक्तीला थेरपीतून नेमके काय मिळू शकते, योग्य थेरपिस्ट कसा ओळखावा आणि आम्ही घरच्यांनी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पुण्याहून, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)

ताई, तुमच्या भावाचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर त्याला पहिल्याच सेशनमध्ये मिळायला हवे होते. ऑटिझम हा बरा करायचा आजार नाही. ती मेंदूच्या जडणघडणीची एक तऱ्हा आहे, जन्मापासून असलेली आणि आयुष्यभर सोबत राहणारी. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द १९९०च्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. माणसांचे मेंदू एकाच साच्यातले नसतात आणि या वेगळेपणाला सरसकट बिघाड म्हणणे चुकीचे आहे, हे त्यामागचे म्हणणे. मी ते पूर्णपणे मान्य करते. पण आठ महिने रोज स्वतःला ताणून तुमचा भाऊ अंधारात भिंतीला टेकून बसत होता, तो त्रासही तितकाच खरा आहे. अशा व्यक्तींमध्ये चिंता, नैराश्य, झोपेच्या तक्रारी आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. थेरपी या त्रासासाठी असते. ऑटिझम पुसून टाकण्यासाठी नसते. हे वाक्य त्याला असेच्या असे वाचून दाखवा.

आता त्या प्रश्नाविषयी. आपल्या मनात आत्ता कोणती भावना आहे हे ओळखून तिला शब्द देणे काही जणांना फार अवघड जाते. याला अलेक्सिथायमिया म्हणतात आणि ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये तो बऱ्याच प्रमाणात दिसतो. याचा अर्थ भावना नाहीत असा नव्हे. पोटात गोळा येतो, जबडा आवळला जातो, कानात आवाज घुमतो. पण ही भीती आहे, राग आहे की नुसती भूक आहे, हे त्या क्षणी उमजत नाही. अशा माणसाला “कसं वाटतंय” असे विचारून थांबणे म्हणजे ज्या विहिरीला पायऱ्याच नाहीत, तिच्यातून त्याला पाणी आणायला सांगणे आहे. तो ‘बरं’ म्हणाला, कारण त्या खोलीत तेवढेच उत्तर चालून जात होते.

चूक थेरपीच्या पद्धतीत होती आणि पद्धत बदलता येते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१२ साली प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सीबीटीसारखी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी अशा व्यक्तींना देताना काय बदलावे, हे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. बोलणे ठोस ठेवावे, सेशनची रचना ठरलेली असावी, लिखित आणि दृश्य साधने अधिक वापरावीत, अलंकारिक किंवा आडवळणाने बोलू नये, मध्ये विश्रांती द्यावी आणि त्या व्यक्तीच्या आवडीचा विषय कामात गुंफून घ्यावा. शेवटचा मुद्दा वाचताना मला तुमच्या भावाच्या नऊ वह्या डोळ्यांसमोर दिसल्या.

मी त्याच्याबरोबर काम करत असते तर ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न बाजूलाच ठेवला असता. मी विचारले असते, “आज साठा किती टक्के आहे? आवक कुठून कुठून झाली? विसर्ग केव्हा केला?” ऑफिसमधला गोंगाट, अचानक बदललेली मीटिंग, बसमधला धक्का, न झालेली झोप ही आवक. एकट्याने फिरणे, वहीत आकडे भरणे, अंधारात बसणे हा विसर्ग. धरण शंभर टक्के भरेपर्यंत दरवाजे बंद ठेवले आणि मग एकदम उघडले की खाली पूर येतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. मग त्याच्या नोकरीतल्या त्या आठ महिन्यांचा तक्ता आम्ही दोघांनी मिळून काढला असता आणि साठा सत्तर टक्क्यांवर असताना कोणत्या खुणा दिसत होत्या, त्या शोधल्या असत्या. कारण थोडे थोडे पाणी सोडायची वेळ तीच असते. हा केवळ खेळ नाही. शरीराच्या खुणा वाचण्याचे हे काम आहे, फक्त त्याला ज्या मोजपट्टीवर विश्वास आहे ती वापरून केलेले.

एडीएचडीविषयी थोडक्यात सांगते. २०१३ साली डीएसएम-५ ही मानसिक निदानांची अमेरिकी नियमावली येईपर्यंत एकाच व्यक्तीला ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने देता येत नसत, त्यामुळे त्याच्या वयाच्या अनेकांचे निदान अर्धवट राहिले किंवा झालेच नाही. एडीएचडीसाठी औषधांचा उपयोग होऊ शकतो आणि तो निर्णय मनोविकारतज्ज्ञाचा. थेरपिस्टने “आधी बोलून पाहू, औषध नको” असा आग्रह धरू नये आणि उलटही धरू नये.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते अवश्य विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ती लागते. समुपदेशक अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे ती असतेच असे नाही. त्यापुढे एक प्रश्न विचारा: “प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींबरोबर काम करताना तुम्ही तुमच्या पद्धतीत काय बदलता?” याचे नेमके उत्तर न देता जर कोणी “आमच्याकडे सगळ्यांना सारखेच वागवतो” असे सांगितले, तर पुढे शोधा. आणि त्याच्या बोलण्यात कधी जगणे नकोसे झाल्याची छटा जाणवली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

उत्तर (कोल्हापूरहून, स्वतः ऑटिस्टिक)

मला ३१व्या वर्षी निदान मिळाले, आज मी ३५ वर्षांची आहे. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण काही गोष्टी खुर्चीच्या या बाजूने सांगाव्याशा वाटतात.

माझ्या पहिल्या थेरपिस्टने मला डोळ्यांत डोळे घालून बोलायला शिकवले. गृहपाठ म्हणून मी रोज रात्री आरशासमोर उभी राहून दहा मिनिटे स्वतःच्या डोळ्यांत पाहत असे आणि त्या काळात समोरच्याचे बोलणे कानावर पडूनही डोक्यात शिरत नसे, कारण सगळी शक्ती पाहण्यातच खर्च होत होती. ऑफिसात माझे कौतुक झाले की मी आता ‘मोकळी’ झाले आहे. त्याच वर्षी मी दोनदा रजेवर गेले आणि दुसऱ्या वेळी तीन आठवडे मला आंघोळीचा तांब्या उचलणे जड झाले होते. आपले खरे वागणे दाबून इतरांसारखे दिसण्याच्या या धडपडीला मास्किंग म्हणतात. ती थेरपी मला अधिक चांगले मास्किंग शिकवत होती. तिच्यामागे वाईट हेतू नव्हता, हे मी मनापासून सांगते, परंतु उद्दिष्ट माझे नव्हते. मी इतरांना खटकू नये, हे उद्दिष्ट होते.

दुसऱ्या थेरपिस्टकडे गेले तेव्हा बसण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात बसू या का?” माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण तो प्रश्न आयुष्यात मला कोणी विचारलाच नव्हता. मी क्रोशाची सुई आणि दोरा घेऊन बसते, मान खाली ठेवून विणता विणता बोलते आणि त्या ते चालवून घेतात असे नाही, तर तसेच व्हावे असे त्यांना वाटते. पुढच्या सेशनचे तीन प्रश्न आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. उत्तर सुचायला मला वेळ लागला तर त्या शांत बसतात. पूर्वी लोक ती शांतता भरून काढायला दुसरा प्रश्न विचारत आणि माझे पहिले उत्तर वाटेतच हरवत असे.

थेरपीने मला काय दिले, असे विचाराल तर सर्वांत आधी दुःख करायला जागा दिली. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत ‘बुद्धी आहे, प्रयत्न नाहीत’ हा शेरा मी सहावीपासून दहावीपर्यंत वाचला आणि तो खरा मानून तीस वर्षांची झाले. ते शेरे चुकीचे होते हे समजणे आनंदाचे असेल असे लोकांना वाटते, पण मला आधी महिनाभर रडू आले. तुमच्या भावाचेही निदान ताजे आहे. त्याला लगेच ‘कौशल्ये’ शिकवायला घेऊ नका.

ऑटिस्टिक व्यक्तींसाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या ‘स्वमग्न’ या शब्दाविषयीही एक विनंती आहे. तो सरकारी कागदांत आहे, अनेक चांगल्या संस्थांच्या नावांत आहे, मी कोणाला दोष देत नाही. पण त्यातून असा भास होतो की ही माणसे स्वतःतच रमलेली आहेत आणि त्यांना जगाशी देणेघेणे नाही. जो मुलगा पुराच्या आधी खालच्या वस्तीत पाणी कुठवर येईल हे मोजत बसतो, त्याला स्वतःत मग्न कसे म्हणायचे? ब्रिटनमधील ऑटिस्टिक संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले होते की ही न समजण्याची अडचण दुहेरी असते. आम्हाला तुम्ही कळत नाही आणि तुम्हालाही आम्ही कळत नाही. थेरपीत केवळ एकाच बाजूला बदलायला सांगितले जाते तेव्हा हे विसरले जाते.

आणि ताई, एक गोष्ट रागावू नका, पण सांगते. तो २६ वर्षांचा आहे. त्याच्या वह्यांविषयी, त्याच्या भिंतीला टेकून बसण्याविषयी थेरपिस्टला तुम्ही परस्पर फोन करून सांगू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला विचारा, तो हो म्हणाला तर त्याच्यासमोर बोला.

उत्तर (म्हापशाहून, एका सात वर्षांच्या मुलाचे वडील)

माझा मुलगा लहान आहे आणि त्याला अजून फारसे बोलता येत नाही, त्यामुळे माझा अनुभव तुमच्या भावाला कितपत लागू होईल हे सांगणे अवघड आहे. तरीही ‘घरच्यांनी काय करावे’ या तुमच्या प्रश्नामुळे लिहितो.

आमच्या गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून एक अभ्यास झाला होता, २ ते ९ वर्षांच्या ६५ ऑटिस्टिक मुलांवर. गोव्यातले काम ‘संगत’ या संस्थेने केले. त्यात तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आई-वडिलांना शिकवले, मुलाला नव्हे. आई-वडील मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो त्यांच्याबरोबर बसून पाहायचा आणि मूल कुठे काही सांगू पाहत होते ते दाखवायचे. त्यातून आई-वडिलांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी जुळू लागला आणि मुलांनी आपण होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले, असे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये छापून आले.

आमच्या थेरपिस्टने याच रीतीने माझा व्हिडिओ मला दाखवला. मी मुलासमोर गाडी धरून “ही काय? गाडी! बोल, गाडी! कुठला रंग? लाल!” असे म्हणत होतो. दोन मिनिटांत मी एकतीस प्रश्न विचारले होते, मीच मोजले. त्या दोन मिनिटांत त्याने एकदा माझ्या मनगटाला बोट लावले होते आणि मला ते दिसलेही नव्हते. त्याला घड्याळ हवे होते. त्या दिवसापासून मी चटईवर त्याच्या शेजारी बसतो, मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो आणि मगच तोंड उघडतो. इतके सोपे दिसणारे काम मला आजही जड जाते.

तुमच्या आई-बाबांसाठी म्हणून सुचवतो: त्याला पाठवण्यापेक्षा एक-दोन सेशन त्यांनी स्वतःसाठी घ्यावीत. आपले मूल असे का वागते हे समजले की घरातला आवाज आपोआप खाली येतो.

उत्तर (ठाण्याहून, ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

वरील सर्व चर्चा बोलण्याच्या थेरपीविषयी आहे, म्हणून एवढेच जोडते की प्रौढांनाही ऑक्युपेशनल थेरपीचा (ओटी) उपयोग होतो. ती केवळ लहान मुलांसाठी नसते. नोकरीचे ठिकाण, प्रवास आणि घर या तिन्ही ठिकाणी कोणते आवाज, उजेड, वास आणि स्पर्श त्याला थकवतात याची नोंद करून आम्ही दिवसाची आखणी बदलतो. बूट न काढता बसणे मला बोलके वाटले. दारात शिरल्यावर लगेच कोणी काही विचारायचे नाही, दिवा लावायचा नाही, मिक्सर किंवा टीव्ही सुरू असेल तर बंद करायचा, अशी अर्ध्या तासाची शांत वेळ घरात ठरवून पाहा. ती उद्यापासून सुरू करता येईल आणि तिला पैसे लागत नाहीत.

दुसरे म्हणजे कायदा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्याची इच्छा असेल तर ऑटिझमसाठी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढता येते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेले तर सरकारी नोकरीतील आरक्षणाचा विचार होतो. खासगी कंपन्यांनाही समान संधीचे धोरण जाहीर करणे या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कोपऱ्यातली जागा, हेडफोन वापरण्याची मुभा, सूचना तोंडी न देता ईमेलने देणे अशा गोष्टी मागताना आपण मेहरबानी मागतो आहोत असे त्याला वाटू देऊ नका. कार्ड काढायचे की नाही, हे मात्र त्याने सावकाश ठरवावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्यासाठी मनःपूर्वक आभार. कोल्हापूरच्या ताईंचे बोलणे मला लागले, पण ते खरे होते. म्हणून हा सगळा धागा मी आधी त्यालाच वाचायला दिला आणि पुढे काही लिहू का असे विचारले. त्याने होकार दिला आहे.

त्याने तो दोनदा वाचला. धरणाच्या उदाहरणात त्याने एक दुरुस्ती सांगितली आहे: साठा सत्तर टक्के झाला की पाणी सोडायचे, असे सरसकट चालत नाही, जुलैमधले सत्तर आणि सप्टेंबरअखेरचे सत्तर यांत फरक असतो, कारण पुढे किती पाऊस यायचा आहे त्यावर निर्णय ठरतो. मग बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “सोमवारी सकाळचे सत्तर आणि शुक्रवारी संध्याकाळचे सत्तर.” स्वतःविषयी त्याच्या तोंडून इतके नेमके वाक्य मी प्रथमच ऐकले.

नव्या थेरपिस्टकडे जायला तो तयार आहे. त्याच्या अटी त्याने कागदावर लिहून दिल्या आहेत: प्रश्न आदल्या दिवशी हवेत, वेळ बदलायची असेल तर एक दिवस आधी कळवावी आणि पहिल्या भेटीत वही बरोबर आणता यावी. त्याला फोनवर बोलायचे नाही. पहिला संपर्क त्याने ईमेलने केला तर चालेल का, एवढेच आता विचारायचे आहे.

उत्तर (पुण्याहून, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)

अवश्य चालेल. अटींचा तो कागद जसाच्या तसा ईमेलला जोडावा. थेरपिस्ट त्याला काय उत्तर देतात यावरून पुष्कळ काही समजेल. दुरुस्तीबद्दल त्याला माझे आभार कळवा. पावसाळ्याचा हिशोब माझ्या लक्षात आला नव्हता. यापुढे हे उदाहरण कोणाला देताना, त्याची हरकत नसेल तर, मी त्याच्या पद्धतीने देईन.